आठ बावन्नची नोंद

हर्षदानं सासऱ्यांचं नाव स्वतःच्या हातानं कागदावर छापलं आणि तो कागद साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला, तेव्हा शुक्रवारचे साडेअकरा वाजले होते. न वाचता ठेवला असंही नाही. चांगला दोनदा वाचला होता. पण ऑफिसात मागितलेला कागद द्यायचा असतो, आणि डोकं जागं होईपर्यंत हात आपलं काम उरकून मोकळे होतात, त्याला कोण काय करणार!

सुरतेत कतारगामला हिऱ्यांच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर योगेंद्रभाईंची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे नऊ माणसं आणि दोन एसी, त्यातला एक चालणारा. कापडाच्या मिलना लागणारी सॉफ्टवेअर ही मंडळी बनवायची. हर्षदा तिथं सहा वर्षं होती आणि सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका डाइंग मिलचं सगळं काम तिच्या हातचं होतं. मिलच्या ऑफिसात एक सर्व्हर, आणि खाली रंगखात्यात प्रत्येक जेटपाशी एकेक स्क्रीन. जेट म्हणजे कापड रंगवायचं बंद तोंडाचं मोठं मशीन. कुठल्या शेडला कुठला रंग किती टक्के, पाणी किती तापवायचं, कापड किती वेळ फिरवायचं, ही सारी रेसिपी सर्व्हरवर. ऑपरेटरनं आपला नंबर टाकायचा, रेसिपी उघडायची, काही बदललं तर ‘जतन करा’ दाबायचं. कुणी, कधी, काय बदललं हे सर्व्हर लिहून ठेवायचा. त्याआधी हे सगळं रंगानं चिकट झालेल्या पुठ्ठ्यांवर चालायचं, आणि मास्तर रजेवर गेले की निम्मं खातं हातावर हात ठेवून बसायचं.

तर गुरुवारी रात्रपाळीत त्या मिलमध्ये राणी रंगाचे बहात्तर ताके बिघडले. फिके निघाले असते तर वरून रंग चढवता आला असता. निघाले गडद, वांग्याच्या सालीसारखे. चढलेला रंग उतरवायला जावं तर कापडाचा जीव जातो. त्यातून लग्नसराईच्या साड्यांचा माल, आणि पार्टी डोक्यावर येऊन बसलेली. शेठनं सकाळी योगेंद्रभाईंना फोन केला तो शिव्यांपासूनच सुरू केला. लाल रंग एक पॉइंट दोन टक्के पडायला हवा होता, पडला एक पॉइंट आठ. कुणी बदलला त्याचं नाव काढून द्या, म्हणाले.

हर्षदानं नोंद काढली. गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला लॅबच्या मास्तरांनी एक पॉइंट आठचा एक पॉइंट दोन केला होता, कारण रंगाचा नवा ड्रम जास्त कडक आला होता. मग आठ बावन्नला जेट तीनच्या स्क्रीनवरून कुणीतरी तो परत एक पॉइंट आठ केला होता. पुढं नाव होतं पंडित.

पंडित म्हणजे तिचे सासरे. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणायचे. सव्वीस वर्षं त्याच मिलमध्ये होते आणि रंगखात्यात त्यांचा शब्द चालायचा. आणि आठ बावन्नला हा माणूस व्याराच्याही पुढं, भुसावळच्या गाडीत बसलेला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, खानदेशातला माणूस गावी गेला नाही तर गावानं त्याला टाकल्यात जमा, म्हणून आप्पा दोन तास आधी पाळी सोडून निघाले होते. हर्षदाला हे कुणी सांगायला नको होतं. ती त्या दिवशी मिलमध्येच कामाला गेली होती, आणि त्यांना स्कूटरवर बसवून उधना स्टेशनला तिनंच सोडलं होतं. तेही गेटपासून नाही, गेटच्या पुढं पानटपरीपाशी ते चालत आले, तिथून. कारण मिलमध्ये ओळख दाखवायची नाही, असा त्यांचा दंडक होता.

“तू तुझं काम कर, मी माझं,” असं त्यांनी दीड वर्षापूर्वी, ती मिलमध्ये स्क्रीन लावायला आली तेव्हाच, सांगून टाकलं होतं. लोक म्हणतील सुनेसाठी शब्द टाकला, किंवा लोक म्हणतील सासऱ्यासाठी टाकला. दोन्ही नको. हर्षदालाही ते सोयीचंच होतं. लग्नाला आठ वर्षं झाली, या माणसानं तिच्या स्वयंपाकालाही कधी बरं म्हटलं नव्हतं, कामाचं तर सोडाच. मिलमध्ये समोरासमोर आले तरी दोघं दोन दिशांना बघायचे.

ती योगेंद्रभाईंकडं परत गेली तोवर त्यांनी कागदाचा फोटो काढून शेठला पाठवलाही होता. आणि शेठचा निरोप आलाही होता : सोमवारी तो गावाहून आला की गेटवरूनच परत.

“भाई, ही नोंद चुकीची आहे,” हर्षदा म्हणाली. दोघं नेहमी गुजरातीतच बोलायचे.

“सर्व्हर खोटं लिहितो?”

“सर्व्हरनं नाव लिहिलंय. पण ते तिथं नव्हते.”

“ते कोण?”

“पंडित. माझे सासरे आहेत ते.”

योगेंद्रभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. माणूस वाईट नव्हता. पण नऊ माणसांची चूल ज्याच्या जिवावर पेटते त्याला आधी आपलं दुकान दिसतं. “नसेल तिथं,” ते म्हणाले. “मग आपला नंबर दुसऱ्याला दिला असेल. तीही चूक त्याचीच ना? आणि बेन, तू यात पडू नको. मंगळवारी दोन मिलवाले आपलं काम बघायला येताहेत. त्याच शेठनं पाठवलेत. आता तू उठून सॉफ्टवेअरची चूक आहे म्हणालीस, तर लोक म्हणणार सासऱ्याला वाचवतेय. खरी चूक सापडली तरी हेच म्हणणार.”

यातलं एक अक्षर खोटं नव्हतं, आणि तिला त्याचाच जास्त राग आला.

शनिवारी दुपारी तिनं सखारामला फोन लावला. आप्पांच्या जागी गुरुवारी दोन तास आधी येऊन ज्यानं जेट तीन घेतलं होतं तो हा सखाराम. मराठवाड्याचा, मिलमध्ये पाच-सहा वर्षांचा. फोन उचलल्या उचलल्या तो गयावया करायला लागला. “ताई, आईशप्पथ सांगतो, लाल रंगाला मी हात लावला नाही. मास्तर म्हणले, कापड दहा मिनिटं जास्त फिरव. मी वेळ तेवढी वाढवली अन् जतन केलं. बाकी काहीच नाही हो.”

“कुणाच्या नंबरावर?”

“पंडितदादांच्याच. स्क्रीन त्यांनी उघडी ठेवली होती ना. चालती पाळी.”

“म्हणजे?”

“आता तुम्हाला कसं सांगू! मशीन बंद करून कुणी पाळी देतं का? चालतं मशीन हातात द्यायचं अन् चालतं घ्यायचं. बंद मशीन सोडून गेला तर पुढचा माणूस तोंड बघत नाही त्याचं. स्क्रीन पण तशीच देतो आम्ही. सगळेच देतात.”

सगळेच देतात! हर्षदानं फोन ठेवला आणि डोक्याला हात लावला. स्क्रीनवर ‘बाहेर पडा’ असं ठळक बटण तिनं ठेवलं होतं. सगळ्या खात्याला समोर बसवून दोनदा शिकवलं होतं. माणसांनी माना डोलावल्या होत्या, चहा प्यायले होते, आणि दुसऱ्या दिवसापासून स्क्रीन उघडी ठेवून घरी जायला लागले होते. कारण पाळी बदलताना काहीही बंद करणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. दीड वर्ष ती त्या खात्यात येत-जात होती, पण संध्याकाळी आठ वाजता पाळी कशी बदलते ते उभं राहून बघावं असं तिला एकदाही सुचलं नव्हतं.

बरं, उघडी राहिली तर राहिली, पण वेळ बदलली म्हणून रंग कसा बदलला? ती आपलीच प्रणाली उघडून बसली आणि अर्ध्या तासात तिला ते दिसलं. आप्पांनी दुपारी दोनला रेसिपीचं पान उघडलं तेव्हा त्यावर एक पॉइंट आठ होतं. साडेसहाला लॅबनं सर्व्हरवर एक पॉइंट दोन केलं. पण जेट तीनच्या स्क्रीनवर दुपारचंच जुनं पान उघडं होतं. सखारामनं वेळ बदलून जतन केलं, तेव्हा फक्त वेळ वर गेली नाही. अख्खं पान वर गेलं, जुन्या एक पॉइंट आठसकट. आणि सर्व्हरनं ते मुकाट्यानं घेतलं. जे पान परत येतंय ते मधल्या काळात शिळं झालंय का, हे सर्व्हरनं तपासायला हवं होतं. ती तपासणी हर्षदानं गाळली होती. दीड वर्षापूर्वी घाईत तिनंच ठरवलं होतं, एका रेसिपीला एकाच वेळी दोन ठिकाणांहून कोण हात लावतंय! पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळावी अशी चूक होती आणि ती तिची, एकटीची होती. तिला खुर्चीत बसवेना. ती उठून पाणी प्यायली, परत येऊन तेच बघितलं, तरी ते तसंच होतं.

रविवारी संध्याकाळी आप्पा आणि आधीच गावी गेलेल्या सासूबाई, पुष्पाबाई, गावाहून आले. पुष्पाबाईंनी पिशवीतून सांजोऱ्यांचा डबा काढला, कैऱ्या काढल्या, गावातल्या कुणाकुणाला काय झालंय ते एका दमात सांगून टाकलं आणि ते राहत त्या कोसाडच्या सरकारी आवासातल्या शेजारणीला तेच परत सांगायला जिना उतरून गेल्या. वैभव, म्हणजे हर्षदाचा नवरा, मोबाइल टॉवरच्या कामावर अंकलेश्वरला होता. घरात दोघंच राहिले. आप्पा चहाची बशी तोंडाला लावून तिच्याकडं बघत होते.

“काय व्हयनं?” त्यांनी विचारलं. घरात ते अहिराणीतच बोलायचे.

हर्षदानं सगळं सांगितलं. बहात्तर ताके, नोंद, शेठचा निरोप, सखाराम, शिळं पान. आपणच तो कागद छापून दिला हेही सांगितलं. काही वगळलं नाही. “उद्या मी अकरापर्यंत येते मिलमध्ये,” ती म्हणाली. “शेठसमोर चूक करून दाखवते. तोवर कुणी काही बोललं तर तुम्ही गप्प राहा.”

आप्पांनी बशी खाली ठेवली. “तुन्ही नोकरी जाई का?”

“जाऊ शकते.”

“हं,” म्हणाले आणि अंघोळीला गेले. बस, एवढंच. हर्षदाला वाटलं, किमान एक शिवी तरी घालायची होती.

सोमवारी सकाळी ती आधी कतारगामला गेली. योगेंद्रभाईंना सगळं दाखवलं. त्यांनी बघितलं, त्यांना पटलं. मग म्हणाले, “गुपचूप दुरुस्त करून टाक. कशाला सांगायला जातेस?”

“आणि सासरे?”

“दुसरीकडं लागतील कामाला. सचिनमध्ये काय मिली कमी आहेत?”

“छप्पन्न वर्षांच्या माणसाला, माल बिघडवला म्हणून काढलेल्याला कोण घेतं, भाई?” ती म्हणाली आणि लॅपटॉप पिशवीत घालून जिना उतरली.

मिलच्या गेटशी सखाराम तिची वाट बघत उभाच होता. रात्रपाळी संपून तीन तास झाले होते तरी गडी घरी गेला नव्हता. “ताई, घोळ झालाय,” तो म्हणाला. “दादांनी सकाळी गेटवरच शेठला गाठून सांगितलं. म्हणले, गाडीतून मीच फोन करून सखारामला आकडा बदलायला लावला, माझी चूक आहे.”

“काय? फोन केला होता त्यांनी?”

“छे हो! कुठला फोन!” सखारामनं इकडं-तिकडं बघितलं. “मला म्हणले, तू तोंड उघडायचं नाही. सूनबाईचं मशीन खोटं ठरलं तर तिचं कसं होणार.”

“तुम्हाला माहीत आहे, मी त्यांची सून?”

“ताई, अख्ख्या खात्याला माहीत आहे. पहिली स्क्रीन लावली त्या दिवशी दादांनी पेढे वाटले होते. कुणी स्क्रीनला हात पुसला तरी अंगावर येतात. माझ्या सुनेनं केलंय, म्हणतात.”

हर्षदा तिथंच उभी राहिली. आठ वर्षं! आठ वर्षं ज्या माणसाच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकला नाही, त्यानं इथं पेढे वाटले होते. तिला रडू आलं आणि त्याच क्षणी असा काही संताप आला, की हा माणूस समोर असता तर तिनं त्याला हलवून हलवून विचारलं असतं. कुणी सांगितलं होतं तुम्हाला मध्ये पडायला? आता ती चूक दाखवायला जाणार म्हणजे काय होणार, तर सासरा शेठसमोर खोटा पडणार. आणि नाही दाखवली तर सव्वीस वर्षांचा माणूस आज दुपारी पिशवी घेऊन घरी जाणार. डोळे पुसून ती केबिनकडं चालायला लागली.

केबिनमध्ये शेठ, लॅबचे मास्तर आणि ऑफिसातली दोघं-तिघं होती. दाराशी रंगखात्यातली पाच-सहा माणसं घुटमळत होती. आप्पा टेबलासमोर हात बांधून उभे होते. तिला बघून त्यांनी मान दुसरीकडं वळवली, नेहमीसारखी.

“आव बेन,” शेठ म्हणाले. ते हिंदी आणि गुजराती एकत्र करून बोलायचे. “तुझं काम झालं. याने कबूल केलं. सॉफ्टवेअर बरोबर आहे तुझं.”

“नाही, शेठ,” हर्षदा म्हणाली. “सॉफ्टवेअर चुकलंय. माझ्या हातून चुकलंय.”

“अरे, पण हा स्वतः सांगतोय ना!”

खोलीत पंखा गरगरत होता. हर्षदानं आप्पांकडं बघितलं. ते आता तिच्याकडं बघत होते आणि त्यांनी मान अगदी थोडी हलवली, नको म्हणून. माहेरी-सासरी, सात पिढ्यांत कुठल्या सुनेनं हे केलं नसेल, असं तिच्या मनात येऊन गेलं.

“आप्पा खोटं बोलताहेत,” ती म्हणाली. “ते माझे सासरे आहेत, आणि मला वाचवायला खोटं बोलताहेत.”

दाराशी कुणीतरी ‘आयला’ म्हणालं. आप्पांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. शेठ आधी तिच्याकडं, मग त्यांच्याकडं बघत राहिले. “अच्छा,” ते सावकाश म्हणाले, “म्हणजे सून सासऱ्याला वाचवतेय की सासरा सुनेला? मी कुणाचं खरं मानू?”

“कुणाचंच मानू नका. डोळ्यांनी बघा.”

तिनं लॅपटॉप उघडून टेबलावर ठेवला, सर्व्हरला जोडला आणि एक खोटी रेसिपी बनवली. लाल रंग एक पॉइंट आठ. मग ती सगळ्यांना घेऊन खाली जेट तीनपाशी गेली आणि सखारामला म्हणाली, “हे पान उघडा आणि तसंच राहू द्या.” मास्तरांना वर लॅबमध्ये पाठवलं आणि फोनवर सांगितलं, “आता तुम्ही एक पॉइंट दोन करा.” ते झालं. शेठनं ऑफिसातल्या माणसाला सर्व्हरवर बघायला लावलं. एक पॉइंट दोन. “आता सखारामभाऊ, फक्त वेळ दहा मिनिटांनी वाढवा आणि जतन करा. रंगाला हात लावू नका.”

सखारामनं वेळ वाढवून जतन केलं. शेठनं फोनवर विचारलं, “शुं छे?” पलीकडून उत्तर आलं, एक पॉइंट आठ झालंय. शेठना पटेना. त्यांनी परत करायला लावलं. तिसऱ्या वेळी स्वतः बटण दाबलं, आणि सर्व्हरवर पुन्हा एक पॉइंट आठच आलं.

“माझं चुकलं, शेठ,” हर्षदा म्हणाली. “शुक्रवारी मी नाव काढून दिलं, तेव्हा हे तपासायला हवं होतं. यांच्यात पाळी चालती देतात, पानही चालतं देतात. ते मला कळायला हवं होतं. आज चारपर्यंत दुरुस्त करून देते. पान शिळं असेल तर सर्व्हर घेणारच नाही, नव्यानं उघडा म्हणून सांगेल.”

शेठनं बटणावरचा हात काढला. मग आप्पांकडं वळले. “पंडित, जेट तीन चालू कर. माल पडलाय.” आणि हर्षदाला म्हणाले, “चार म्हणजे चार. योगेंद्रला सांग, बहात्तर ताक्यांचं त्याच्याशी मी बोलणार आहे. सोडणार नाही.” एवढं बोलून ते जिना चढून गेले. माफी वगैरे कुणी मागितली नाही, आणि कुणाला तशी अपेक्षाही नव्हती.

हर्षदानं योगेंद्रभाईंना फोन करून सगळं सांगितलं. ते इतकंच म्हणाले, उद्या ऑफिसात ये, मग बोलू. ती रंगखात्यातच एका स्टुलावर बसली आणि वाफेत, घामाच्या धारांत, तिनं दीड वर्षापूर्वी गाळलेल्या ओळी लिहिल्या. दहा फुटांवर आप्पा काम करत होते. तिला पाणी लागलं तर दुसऱ्या कुणाबरोबर पाठवत होते, स्वतः येत नव्हते. पावणेचारला सगळ्या स्क्रीनवर नवं पाठवून तिनं मास्तरांकडून तपासून घेतलं. मास्तर आप्पांना म्हणाले, “जा आज लवकर, सूनबाईबरोबरच जा.” आता लपवायचं तरी काय राहिलं होतं! आप्पा गेटपासूनच स्कूटरवर बसले.

स्कूटर पांडेसऱ्याला आली. मग मागून आवाज आला, “थांबव.” उसाच्या रसाची गाडी होती. आप्पांनी दोन ग्लास सांगितले आणि लिंबाच्या सावलीत बाकावर बसले.

“राग आला का, आप्पा?” शेवटी तिनंच विचारलं.

“आला तर! चार माणसांत खोटं पाडलंस.” त्यांनी ग्लास हातात घेतला पण प्यायले नाहीत. मग अहिराणी-मराठी एकत्र करत, थांबत थांबत बोलायला लागले. आठ वर्षांत एवढं बोलणं तिनं त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

“एकवीस वर्षं झाली. आपल्या गावचा धुडकू, त्याला मीच आणलं होतं सुरतेला. एका जेटवर आम्ही दोघं. एक दिवस मी वाफ जास्त सोडली, अख्खा लॉट जळला. मास्तरनं विचारलं, कुणी केलं? धुडकू तेव्हा मशीनपाशी उभा होता. मी पलीकडं. मी गप्प बसलो. त्याला त्याच दिवशी गेटाबाहेर काढलं. त्याला अजून वाटतं, त्याच्याच हातून झालं.”

“आता कुठं असतो तो?” हर्षदानं विचारलं.

“गावात दुसऱ्याची पिठाची चक्की चालवतो. परवा आखाजीला घरी घेऊन गेला मला, चहा पाजला. म्हणतो, पंडितभाऊ, तुझ्यामुळं सुरत तरी बघितली.” आप्पांनी तळहातानं तोंड पुसलं. “आज सकाळी शेठला ‘माझं चुकलं’ म्हणालो ना, तेव्हा बरं वाटलं मला. तुझ्यासाठी म्हणालो, खरं आहे. पण मनात आलं, चला, धुडकूचंही फिटलं. मग तू आलीस आणि सगळ्यांसमोर आपली चूक आपण सांगितलीस. म्हणून राग आला. असं फिटत नसतं, ते कळलं.”

रसवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होता. रस्त्यावरून ताक्यांनी भरलेला टेम्पो गेला, त्याच्या धुरानं दोघांनी तोंड फिरवलं.

“रविवारी जातो परत,” आप्पा म्हणाले. “त्याला सांगतो.” हे शेठसमोर ताठ उभे राहिलेले आप्पा नव्हते, एकदम म्हातारे दिसत होते. “मला एकट्याला तोंड उघडवणार नाही. तू येशी का मन्हा संगे?”

हर्षदानं ग्लास बाकावर ठेवला आणि हो म्हणाली.